परदेशी सेवापथकाची पूर्वतयारी : 1938 च्या चीन वैद्यकीय पथकाचा एक अभ्यास

प्रस्तावना :

राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर ही महाविद्यालयीन जीवनातील परिचित बाब आहे. 24 सप्टेंबर 1969 रोजी देशातील 37 विद्यापीठांत सुरू झालेली ही योजना आज चिखलीसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांपर्यंत रुजलेली आहे. दत्तक ग्रामात सात दिवसांच्या मुक्कामाला स्वयंसेवक निघतात, तेव्हा त्याआधी बरीच तयारी झालेली असते. गावाची पाहणी, पालकांचे संमतिपत्र, अंथरूण-पांघरुणाची सूचना, शिधा, प्रथमोपचार पेटी, श्रमदानाचे साहित्य, बौद्धिक सत्रांचे वेळापत्रक ही सर्व कामे कार्यक्रमाधिकाऱ्याच्या अंगवळणी पडलेली असतात. दहा-वीस किलोमीटरवरील गावासाठी एवढी तयारी लागते, तर ज्या देशाची भाषा, हवामान, अन्न आणि राजकारण यांपैकी काहीच ठाऊक नाही अशा देशात, तेही चालू युद्धात, सेवेसाठी जाणाऱ्या माणसांची तयारी कशी झाली असेल, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

1938 साली भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठविलेले पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक हे या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण होय. या पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव सर्वांना ज्ञात आहे. मात्र त्यांच्याविषयीचे बहुतांश लेखन त्यांच्या मृत्यूकडून मागे पाहत केलेले आहे. त्यामुळे त्याग ठळक झाला आणि तयारीचा प्रश्न मागे पडला. त्याच पथकाचे उपनेते नागपूरचे होते, म्हणजे बुलढाणा जिल्हा ज्या मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत होता त्याच प्रांताचे होते, ही गोष्टही या भागात फारशी कोणाच्या स्मरणात नाही. प्रस्तुत निबंधात या पथकाची निवड, निघण्यापूर्वीची सिद्धता आणि प्रत्यक्ष कार्यक्षेत्रात झालेले शिक्षण यांचा विचार केला आहे.

पूर्वपरंपरा :

परदेशी रणभूमीवर रुग्णसेवेसाठी जाण्याची कल्पना 1938 साली नवी नव्हती. बोअर युद्धाच्या वेळी, 1899 मध्ये, गांधीजींनी नाताळमध्ये सुमारे 1,100 हिंदी लोकांचे शुश्रूषा पथक उभे केले होते. सरकारने प्रारंभी ही मदत नाकारली असतानाही डॉ. बूथ यांच्याकडून जखमींच्या शुश्रूषेचे धडे घेणे चालूच होते. म्हणजे तेथे शिक्षण आधी आणि परवानगी नंतर असा क्रम होता. 1912 च्या अखेरीस डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे पथक बाल्कन युद्धातील जखमींसाठी तुर्कस्तानात गेले. 1914 साली लंडनमध्ये गांधीजींच्या पुढाकाराने जमलेल्या हिंदी स्वयंसेवकांना डॉ. जेम्स कँटली यांनी सुमारे सहा आठवडे प्रथमोपचाराचे शिक्षण दिले. कँटली हे हाँगकाँगमध्ये सन यत्-सेन यांचे गुरू होते आणि 1896 मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीत अडकलेल्या आपल्या या शिष्याची सुटका त्यांच्याच खटपटीने झाली होती. चीनचा आणि हिंदी स्वयंसेवकांचा धागा असा एका ब्रिटिश डॉक्टरच्या हातून आधीच गुंफला गेला होता, हे येथे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

देशांतर्गत पातळीवर डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी 1923 च्या काकीनाडा अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना केली. तेव्हापासून काँग्रेसच्या स्वयंसेवकाला कवायत, शिस्त आणि शिबिर यांची ओळख झाली होती. वऱ्हाडात 1930 च्या मिठाच्या आणि जंगल सत्याग्रहात या शिस्तीची कसोटी लागली होती. तात्पर्य, स्वयंसेवक घडवावा लागतो ही जाणीव काँग्रेसजवळ होती. 1938 मध्ये ती कितपत उपयोगात आली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पथकाची निवड व सिद्धता :

7 जुलै 1937 रोजी लुगोउछियाओ येथील चकमकीने चीन-जपान युद्धाला तोंड फुटले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदतीची विनंती केली. फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जूनपासून नेहरू युरोपात असल्याने या कामाचा मुख्य भार बोस यांच्यावरच पडला. 30 जूनला त्यांनी जनतेला आवाहन केले, युद्धाच्या प्रथम वर्धापनदिनी, जुलैच्या 7 ते 9 तारखांना, देशभर चीन निधी गोळा झाला आणि सुमारे 22 हजार रुपये जमले. त्याच महिन्यात नागपुरात डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळाचा प्रसिद्ध पेचप्रसंग चालू होता. प्रांतातील काँग्रेस कार्यकर्त्यांचे लक्ष तिकडे लागलेले असणार, हे उघड आहे. तशा वातावरणातही चीनसाठी नागपूरचा एक डॉक्टर तयार झाला, ही बाब लहान मानता येणार नाही.

पथकात पाच जण होते : अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल (प्रमुख), नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर (उपप्रमुख), सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू. यांपैकी युद्धभूमीचा पूर्वानुभव केवळ अटल यांना होता. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवा केली होती. चोळकर वयाने ज्येष्ठ, सार्वजनिक कार्यात मुरलेले. कोटणीस 27 वर्षांचे होते. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील परीक्षेच्या तयारीत होते.

बसू यांचा समावेश मुळात ठरलेला नव्हता. त्यांच्या जागी डॉ. रणेन सेन जाणार होते, परंतु साम्यवादी चळवळीशी संबंध असल्याने त्यांना पारपत्र नाकारण्यात आले आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर बसूंची निवड झाली. पथक पाठविणारी संस्था राष्ट्रीय असली, तरी देशाबाहेर पाऊल टाकण्याची परवानगी परकीय सरकारच्या हाती होती. म्हणूनच या पथकाच्या पूर्वतयारीतील पहिले आणि सर्वांत अवघड काम वैद्यकीय नव्हते, ते कागदोपत्री होते. निधी, औषधे, शस्त्रक्रियेची साधने आणि एक रुग्णवाहिका यांची व्यवस्था त्यामानाने सुरळीत झाली. या कामात डॉ. जीवराज मेहता यांचे मोठे साहाय्य होते.

आवाहनापासून प्रस्थानापर्यंत दोनच महिने हाती होते. एवढ्या अवधीत माणसे निवडणे, पारपत्रे मिळविणे आणि सामान बांधणे एवढेच शक्य होते. चिनी भाषेचे पाठ, उत्तर चीनच्या थंडीची कल्पना, युद्धकालीन शस्त्रक्रियेचा सराव, चीनमधील राष्ट्रवादी आणि साम्यवादी यांच्यातील ताणांची माहिती यांपैकी कशाचीही पद्धतशीर सोय झाली नाही. 1914 च्या लंडनमधील स्वयंसेवकांना मिळालेले सहा आठवडे या पथकाला मिळाले नाहीत. पथकातील सर्वजण पदवीधर डॉक्टर असल्याने वेगळ्या शिक्षणाची गरज कोणाला वाटली नसावी. व्यावसायिक कौशल्य म्हणजेच सेवेची पात्रता, हा समज आजही पुष्कळ ठिकाणी आढळतो.

कौटुंबिक संमती हा पूर्वतयारीचा भाग कोणत्याही दप्तरात नोंदला जात नाही. सोलापूरच्या कोटणीस कुटुंबात बहीणभावंडे पुष्कळ, घर मध्यमवर्गीय आणि शिकलेल्या मुलाकडून संसाराला हातभार लागण्याची अपेक्षा स्वाभाविक होती. चीनची ओळख म्हणाल तर दारोदार रेशीम विकत फिरणाऱ्या चिनी फेरीवाल्यांपुरती, असे त्यांच्या भगिनी मनोरमा यांनी पुढे सांगितले आहे. अशा घरातून वडिलांनी मुलाला जाऊ दिले. या संमतीचे मोल पुढे चुंगकिंगमध्ये स्पष्ट झाले.

मार्गावरील शिक्षण :

सरोजिनी नायडू यांचा निरोप घेऊन पथक 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले आणि 17 सप्टेंबरला कँटनला पोहोचले. तेथे सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. महिनाभरातच, 21 ऑक्टोबरला कँटन आणि त्यानंतर चार दिवसांनी हांकौ जपान्यांच्या हाती पडले. पथकाची सुरुवातीची कामगिरी या माघारीच्या धांदलीतच झाली. हांकौ, इचांग आणि अखेर चुंगकिंग असा हा प्रवास होता. बाँबवर्षावाखाली रुग्णालय हलवावे कसे, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. ते त्यांनी रुग्णालये हलवतानाच आत्मसात केले.

चुंगकिंगमध्ये दोन गोष्टी घडल्या. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्रमुख तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली. प्रत्येकाच्या नावाअखेर 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर होते. कोटणीस 'के दिहुआ' झाले, बसू 'बा सुहुआ'. वरकरणी हा केवळ सौजन्याचा भाग वाटेल. परंतु ज्याचे नाव रुग्णाला उच्चारता येत नाही तो डॉक्टर त्याला परकाच राहतो, हे लक्षात घेता पथकाच्या तयारीतील ही एक खरी पायरी होती. दुसरी गोष्ट दुःखाची. कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता येथेच मिळाली. परत फिरण्यास कोणाचीच हरकत नव्हती. त्यांनी पुढे जाण्याचे ठरविले. जानेवारी 1939 मध्ये पथक येनानच्या वाटेला लागले आणि 12 फेब्रुवारीला तेथे पोहोचले.

येनान म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहांचे गाव. राहणे गुहेत, रुग्णालय गुहेत. अन्न मुख्यतः भरडधान्याचे आणि थंडी सोलापूर-नागपूरच्या माणसाने न अनुभवलेली. भाषा हा सर्वांत मोठा अडसर होता. रुग्णाला कोठे दुखते हे विचारण्यासाठीही दुभाषा लागत असे. कोटणीस आणि बसू यांनी भाषेचा अभ्यास नेटाने केला. त्यातही कोटणीस एवढे प्रगत झाले की पुढे ते चिनी भाषेत वर्ग घेऊ लागले. 24 मे 1939 रोजी माओ झेदोंग यांनी नेहरूंना पत्र लिहून या पथकाबद्दल आभार मानले.

परतलेले आणि राहिलेले :

चोळकर आणि मुखर्जी 1939 मध्येच भारतात परतले. मुखर्जींच्या परतण्यामागे आजारपण होते. अटल, कोटणीस आणि बसू त्याच वर्षाअखेर आघाडीकडे गेले. त्वचाविकाराने त्रस्त झालेले अटल 1940 मध्ये परतले. बसू 1943 मध्ये मायदेशी आले आणि कोटणीस आलेच नाहीत. ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1944 साली लिहिलेल्या पुस्तकाचे आणि 1946 च्या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाचे सारे लक्ष या न परतलेल्या एकावर केंद्रित झाले, ते समजण्यासारखे आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की परतणे म्हणजे कमी पडणे, असा अर्थ नकळत रूढ झाला.

हा अर्थ न्याय्य नाही. पाचांपैकी किमान दोघांना प्रकृतीमुळे परतावे लागले, यावरून निघण्यापूर्वी शारीरिक क्षमतेचा आणि हवामानाचा जेवढा विचार व्हावयास हवा होता तेवढा झाला नाही, असेच अनुमान निघते. तो दोष व्यक्तींचा नसून घाईने केलेल्या आयोजनाचा होय. उतारवयाकडे झुकलेल्या चोळकरांनी बाँबवर्षावातील हांकौ पाहिले आणि येनानपर्यंतचा खडतर प्रवास केला. एवढ्याने तरी विदर्भाच्या इतिहासलेखनात त्यांना चार ओळींहून अधिक जागा मिळावयास हवी होती. बसूंचे उदाहरण आणखी वेगळे आहे. चीनशी त्यांचा संबंध पुढेही टिकला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते अॅक्युपंक्चर शिकून आले आणि भारतात त्या उपचारपद्धतीचे प्रवर्तक ठरले. त्यांची दैनंदिनी 'कॉल ऑफ येनान' या नावाने 1986 साली प्रसिद्ध झाली. पथकाचा रोजचा व्यवहार समजून घेण्यासाठी कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा ती अधिक उपयुक्त आहे.

शिकणारा आणि शिकविणारा :

कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून 1938 च्या वसंतात येनानला आले, तेव्हा त्यांच्यामागे स्पेनमधील फिरत्या रक्तपुरवठा पथकाचा अनुभव होता. हाताला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन 12 नोव्हेंबर 1939 रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी 1941 मध्ये कोटणीसांकडे आले. अडीच वर्षांपूर्वी परळच्या वैद्यकीय महाविद्यालयात परीक्षेची तयारी करणारा तरुण आता शत्रूच्या वेढ्यात फिरते रुग्णालय चालवीत होता. औषधांची नाकेबंदी होती. मलमपट्ट्या धुऊन पुन्हा वापराव्या लागत आणि धाड पडण्याची चाहूल लागताच रुग्ण गावकऱ्यांच्या घरी हलवावे लागत.

या रुग्णालयाला जोडून वैद्यकीय विद्यालय होते. तेथे येणारी मुले बहुतेक शेतकरी घरांतील होती आणि त्यांना थोड्या अवधीत आघाडीवर पाठवावयाचे असे. म्हणजे अपुऱ्या वेळात स्वयंसेवक तयार करण्याचा जो प्रश्न 1938 च्या उन्हाळ्यात मुंबई-कलकत्त्यात उभा होता, तोच आता कोटणीसांपुढे शिक्षक म्हणून उभा राहिला. बेथ्यून यांच्याप्रमाणे त्यांनीही प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळच शिकविण्यावर भर दिला आणि विद्यार्थ्यांच्या भाषेत पाठ्यपुस्तक हवे म्हणून ते स्वतःच लिहावयास घेतले. 25 नोव्हेंबर 1941 रोजी तेथील परिचर्या-शिक्षिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट 1942 मध्ये पुत्र झाला, त्याचे नाव 'यिन्हुआ', म्हणजे भारत आणि चीन, असे ठेवण्यात आले.

याच काळात त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांतीचा सल्ला मिळूनही अध्यापन आणि लेखन थांबले नाही. 9 डिसेंबर 1942 रोजी, हपै प्रांतातील तांग परगण्यातील गेगोंग या खेड्यात, वयाच्या 32 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक त्या वेळी अर्धेच लिहून झाले होते.