जीप अडते तेव्हा

जुनी जीप सकाळी सुरू झाली नाही, की निदान करणाऱ्यांची उणीव भासत नाही. कोणी बॅटरीला दोष देतो, कोणी पेट्रोलमध्ये पाणी गेले म्हणतो. दिसेल तो भाग सोडवून पुसला जातो. खरे तर असा अंदाजपंचे कारभार करावा लागू नये अशी सोय या गाडीच्या जन्मापासूनच केलेली आहे. ती कशी, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ.

जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कारखान्यांकडे एका हलक्या गाडीची मागणी केली. गाडीच्या चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळावी आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हाती यावा, अशी अट होती. मुदत पाळण्याची तयारी बँटम या पेनसिल्व्हेनियातील छोट्या कंपनीने दाखवली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा तयार केला आणि २३ सप्टेंबर रोजी नमुना सैन्याकडे पोहोचला. पुढे उत्पादनाचे मोठे काम मात्र विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांना मिळाले. विलीजचे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन सरस ठरले होते. फोर्डने आपला वेगळा आराखडा बाजूला ठेवून विलीजच्या आराखड्याप्रमाणेच गाड्या बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर काढल्या. एकीचा भाग दुसरीत बसत असल्याने दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी आघाडीवरच उभी करता येई.

पण सुटे भाग असून भागत नाही, दोष ओळखणारा माणूसही लागतो. फेब्रुवारी १९४४ च्या सैन्याच्या जीप-पुस्तिकेत चालकाची कामे चार वेळांत वाटली आहेत : निघण्यापूर्वी, चालवताना, थांब्यावर आणि परतल्यावर. दोषांसाठी लक्षण आणि संभाव्य कारणे अशी मांडणी आहे. पुस्तिका कोणी वाचेना तर? यावर उपाय म्हणून ‘आर्मी मोटर्स’ या सैनिकी मासिकात विल आयस्नर या चित्रकाराने ‘जो डोप’ नावाचा वेंधळा सैनिक रंगवला. त्याच्या फजितीतून सैनिक देखभाल शिकले. १९५१ मध्ये याच परंपरेतून ‘पीएस’ हे मासिक निघाले.

आता आपल्या अडलेल्या जीपकडे वळू. स्टार्टरने इंजिन फिरतच नसेल, तर आधी बॅटरी आणि तिची टोके पाहावीत. फिरते पण पेटत नसेल, तर तीनच प्रश्न उरतात. ठिणगी पडते का? पेट्रोल पोहोचते का? सिलिंडरमध्ये दाब तयार होतो का?

ठिणगीच्या मुळाशी फॅरडेचा नियम आहे. डिस्ट्रिब्युटरमधील सीबी पॉइंट उघडला की कॉइलमधील प्रवाह तुटतो आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. पॉइंटमधील फट सुमारे अर्धा मिलिमीटर असावी, ती फिलर गेजने मोजता येते. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सरचा संशय घ्यावा. प्रवाह चटकन तुटावा आणि पॉइंटवर ठिणगी पडू नये, हे त्याचे काम. ठिणगी तपासताना जवळपास उघडे पेट्रोल मुळीच नसावे.

भर उन्हात थांबलेली जीप पुन्हा सुरू होत नाही, तेव्हा बऱ्याचदा इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ झालेली असते. पंप द्रव खेचण्यासाठी असतो, वाफ त्याला खेचता येत नाही. पंपावर ओले फडके ठेवून थोडे थांबावे.

दाबाची परीक्षा तर उत्तम प्रयोगच आहे. प्लगच्या जागी दाबमापक लावून चारही सिलिंडरांची तुलना करावी. एखाद्यात दाब कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाले, आपल्याकडे मात्र त्याची घडण पुढेही चालू राहिली. अशाच एका जुन्या जीपमधून आम्ही खडकांचे नमुने गोळा करायला जात असू. एकदा ती घाटात अडली. मी उत्साहाने प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, कंडेन्सरही नवा घातला. जीप सुरू झाली आणि चौथ्या दिवशी पुन्हा बंद पडली. आमचे वयस्कर चालक शांतपणे म्हणाले, “साहेब, एका वेळी एकच हलवा. नाहीतर कशानं बरी झाली ते कळायचं कसं?”

डॉक्टरेट नुकतीच हाती आली होती. एका वेळी एकच घटक बदलावा, हा नियम प्रबंधात मी काटेकोर पाळला होता; बॉनेट उघडताच तो विसरलो. चालकांनी मग खिशातली वही काढली. तारीख, लक्षण, केलेला बदल आणि परिणाम असे चार रकाने तिच्यात होते. मागच्या पानांवर हेच दुखणे तीनदा नोंदलेले होते आणि तिन्ही वेळा कारण एकच होते : पेट्रोलच्या टाकीतला गंज.

शाळेच्या प्रयोगशाळेतही बंद पडलेला एखादा पंप किंवा मोटर कपाटात पडून असेल. तो विद्यार्थ्यांपुढे ठेवावा आणि सोबत चार रकान्यांची वही द्यावी. पाना मात्र वहीत पहिली नोंद झाल्यावरच द्यावा.