इंजिन टिकले, आसाने दगा दिला

१/ ढाणकीच्या काळ्या रानातून बैलगाडीने कधी गेला आहात? चाक खड्ड्यात गेले की हिसका थेट मणक्यात. पारंपरिक गाडीची साटी आसावरच टेकलेली असते. मध्ये स्प्रिंग नसते. बैलांच्या संथ चालीत हे निभावते. वेग वाढला की काय होते, हे एका जपानी गाडीच्या इतिहासात पाहू.

२/ मे १९६७. हिरोशिमाच्या माझदाने 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारात आणली. तिच्या इंजिनात वरखाली धावणारा दट्ट्या नव्हता. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेतून आलेले त्रिकोणी रोटर फिरत होते. मागे मात्र बग्गीच्या काळापासून चालत आलेले कमानपाटेच होते.

३/ ऑगस्ट १९६८. जर्मनीतील न्युरबुर्गरिंगवर ८४ तासांची शर्यत. नव्या इंजिनाच्या टिकाऊपणाची ही कसोटी होती. दोन कॉस्मो उतरल्या. एक चौथी आली. दुसरी ८२व्या तासात बाद झाली. दोष इंजिनाचा नव्हता; मागचा आस निकामी झाला होता.

४/ त्याच वर्षी कॉस्मोची सुधारित आवृत्ती आली. पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर १५ सेंटिमीटरने वाढले, चाकेही मोठी झाली. गाडी अधिक स्थिर झाली.

५/ १९७८ च्या 'आरएक्स-७'मध्ये कमानपाट्यांची जागा गुंडाळीच्या स्प्रिंगांनी घेतली. पण मागचा एकसंध आस आडवा सरकू नये, यासाठी वापरलेली दांड्यांची जोडणी होती जेम्स वॅटची! त्याने ती १७८४ साली वाफेच्या इंजिनासाठी योजली होती. त्याच वर्षी महादजी शिंदे दिल्ली दरबाराची सूत्रे हाती घेत होते.

६/ १९८५ मध्ये एकसंध आस गेला; मागचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलू लागले. १९९१ मध्ये चारही चाकांना वर-खाली दुहेरी भुजा, म्हणजे 'डबल विशबोन', मिळाल्या. आता चाक उसळले तरी टायर रस्त्यावर नीट टेकून राहू लागला.

७/ आज या जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारे आधी सांध्यांतले रबरी बुश बदलतात. वर्षे लोटली की रबर कडक होते, चिरते. मग शॉकॲब्झॉर्बर, शेवटी स्प्रिंग. नुसत्या कडक स्प्रिंगा घातल्या तर चाक खड्ड्यावरून उडते आणि पकडच सुटते.

८/ इतिहास इंजिनाचे नाव लक्षात ठेवतो. पण ८२व्या तासाला गाडी थांबली ती आसापाशी. शक्ती निर्माण करणे हे अर्धेच काम. ती जमिनीपर्यंत पोहोचवणारे दुवेही तितकेच भक्कम लागतात.