पाळी कोणाची?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेल्या तलावांवर येथील धान पिकत आला. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. पाणीवाटपाचा प्रश्न मात्र होता तोच राहिला. मोरी एक, बांध्या पुष्कळ. वरच्याने पाट अडविला की शेवटच्या बांधीतला धान वाळतो. म्हणून पाळी लागते.

संगणकाचेही असेच आहे. त्यात हिशेब करतो तो प्रोसेसर; त्याचा वेळ म्हणजे पाटाचे पाणी समजा. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. देशातील नाना संस्थांची कामे त्याच्यावर होत. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि नंबराची वाट पाहायची!

या खोळंब्यावर अमेरिकेतील एमआयटी संस्थेत फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्येच तोड दाखविली होती. क्षणभर एकाचे काम, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. पाळी इतकी झटपट फिरे, की प्रत्येकास वाटावे, यंत्र माझेच. पाळी लावणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम.

पण खरी मेख पुढेच आहे. पाळी कामाला द्यायची, की माणसाला? बांधीगणिक पाळी दिली, तर दहा बांध्यांच्या धन्याला दहा पाळ्या. शेतात ते एकवेळ पटेल. जास्त जमिनीला पाणीही जास्त लागते. संगणकावर मात्र बांध्या फुकट वाढतात. एकाने दहा कामे सोडली की त्याला दहा वाटे, आणि एकच काम घेऊन आलेला बिचारा मागे!

सिडनी विद्यापीठातील जूडी के व पिअर्स लॉडर यांनी १९८८ मध्ये यावर उपाय मांडला. आधी माणसाचा वाटा ठरवा, मग त्या वाट्यातून त्याची कामे चालवा. ज्याने नुकताच जास्त वेळ घेतला, त्याला जरा मागे ठेवा; मात्र जुना वापर हळूहळू विसरा. पुढे २००७ साली इंगो मोल्नार यांनी लिनक्समध्ये प्रत्येक कामाची जणू खातेवही ठेवली : ज्याला कमी वेळ मिळाला, त्याची पाळी आधी. २०२३ मध्ये तिची जागा नव्या पद्धतीने घेतली. पण हिशेब ठेवूनच पाळी द्यायची, हे तत्त्व टिकले.

तेव्हा गुरुजी, शाळेत संगणक थोडे आणि मुले फार असतील, तर घड्याळ लावण्याआधी एवढे ठरवा : मोजायचे कोणाला? पाळीपत्रक भिंतीवर लागले म्हणजे न्याय झाला असे नव्हे. शेवटच्या बांधीत पाणी पोचले का, ते जाऊन पाहावे लागते.