ट्रायाज (रुग्णक्रमनिश्चिती)

आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णांची गांभीर्यानुसार वर्गवारी करून उपचारांचा क्रम ठरविण्याची पद्धती. ‘निवडणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून ही संज्ञा आली. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दॉमीनीक झां लारे (१७६६–१८४२) यांनी सैनिकाचा हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचार करण्याचा दंडक घातला. नागरी रुग्णालयांत मात्र ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर अपघात विभागांत किरकोळ तक्रारींच्या रुग्णांची गर्दी वाढली. केवळ आगमनाचा क्रम पाळल्यास अत्यवस्थ रुग्ण ताटकळत राही. १९६६ मध्ये रिचर्ड वाइनरमन व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील आपल्या अभ्यासात अशा रुग्णांचे तीन वर्ग मांडले.

वर्गवारीचे काम पुढे मुख्यत्वे अनुभवी परिचारिकांकडे आले. अमेरिकेत १९७० मध्ये आपत्कालीन विभागांतील परिचारिकांची संघटना स्थापन झाली व परिचर्येच्या या शाखेत संशोधनास चालना मिळाली. एकाच रुग्णाबाबत दोन परिचारिकांचे निर्णय कितपत जुळतात, हा त्यातील कळीचा प्रश्न होय. त्रिस्तरीय वर्गवारीत ही एकवाक्यता अपुरी आढळली. १९९० नंतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, मँचेस्टर (इंग्लंड) व अमेरिका येथे पंचस्तरीय श्रेणी प्रचारात आल्या. गांभीर्य कमी लेखल्यास रुग्णाचा जीव धोक्यात येतो. अवाजवी लेखल्यास दुसऱ्या गरजूची वेळ व खाट अडते. प्रतीक्षेतही प्रकृती ढासळू शकते. म्हणून नाडी, श्वसन, रक्तदाब व शुद्धी यांची फेरतपासणी हे या पद्धतीचे अविभाज्य अंग मानतात.