बालकुपोषण निर्मूलन : मुलुंड व मुंबईची उपनगरे

वयाच्या मानाने वजन किंवा उंची कमी पडलेली, अथवा उंचीच्या मानाने फार बारीक असलेली सहा वर्षांखालील मुले शोधून त्यांना आहार व औषधोपचार पुरवण्याचे शहरी वस्त्यांतील काम. महापालिकेच्या टी विभागातले मुलुंड या संदर्भात सहसा कुणाला आठवत नाही. कुपोषण म्हटले की मराठी वाचकापुढे मेळघाट येतो, जव्हार-मोखाडा येतो. १९९२ साली वावर-वांगणीत दगावलेली मुले आठवतात. सरकारी योजनांची आखणीही बरीचशी याच नकाशावर झाली. मुलुंडची अडचण तिथूनच सुरू होते.

मुलुंड पश्चिमेच्या पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. उतारावर हनुमान पाडा, अमर नगर अशा दाट वस्त्या आहेत. उपनगरांत उद्यानाच्या कडेने वारली, महादेव कोळी, कातकरी कुटुंबांचे जुने पाडेही टिकून आहेत. राज्याची डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना (२०१५) आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देते. पुढे तिच्यात मुलांसाठी अंडी-केळीही आली. मुंबई उपनगर जिल्हा मात्र अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे जव्हारच्या वारली बाळाला जे मिळते ते मुंबईच्या डोंगरकडेच्या वारली बाळाला मिळत नाही. जमात तीच, भूकही तीच. फरक फक्त जिल्ह्याचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने बारीक होती. हा दुसरा आकडा चौथ्या फेरीतही (२०१५–१६) २५.६ टक्केच होता. त्यातही तीव्र बारीकपणाचे प्रमाण ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. सरासरीत उंच इमारत आणि तिच्या मागची चाळ एकत्र मोजली जाते, म्हणून उपनगरातले कुपोषण आकड्यांत दबून राहते.

वस्तीतल्या कामाचा कणा म्हणजे अंगणवाडी. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचा आहार हक्काचा केला; कुपोषित मुलासाठी हे प्रमाण ८०० उष्मांकांचे ठेवले. मुंबईत अंगणवाडीची खोली बहुधा भाड्याची आणि लहानशी असते. सेविका महिन्याला वजन घेते, उंची मोजते, दंडाला तिरंगी पट्टी लावते. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला की मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ मध्ये ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषित. तीन वर्षांखालच्यांसाठी घरपोच आहाराची पाकिटे जातात, आणि ती बहुतेकदा सगळे घर मिळून खाते. त्यासाठी आईला बोल लावणे सोपे आहे. पण चार तोंडे असलेल्या खोलीत एकाच मुलासाठी पाकीट वेगळे ठेवणे कुणाला जमेल?

शहरात धान्याचे दुकान जवळ असते, दवाखानाही जवळ असतो. मुलुंडमध्येच महापालिकेची एम. टी. अगरवाल आणि वीर सावरकर ही रुग्णालये आहेत. तरी मूल अडते, कारण दारे तीन आहेत. अंगणवाडी राज्याच्या महिला व बालविकास विभागाची, आरोग्य केंद्र महापालिकेचे, शिधापत्रिका शिधावाटप कार्यालयाची. शहरी कुटुंबाला सवलतीच्या धान्याच्या प्राधान्य गटात घेण्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपयांची. महिन्याला पाच हजारांहून कमी मिळवणारे घर मुंबईत भाडे कसे भरते, हे मर्यादा ठरवणाऱ्यांनाच ठाऊक. शिवाय धुणीभांडी करणारी आई सकाळी निघते. मधल्या वेळात मोठी बहीण सांभाळते आणि चहा-बिस्किट, पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट यांवर भूक मारली जाते. दूषित पाण्याने जुलाब लागले की मिळवलेले वजन आठवड्यात उतरते.

ही दारे जोडण्याचा सर्वांत अभ्यासलेला प्रयोग उपनगरांत नव्हे, धारावीत झाला. शीव रुग्णालयातील नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी त्याच रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. रुग्णालयात वाचवलेले बाळ वस्तीत परतल्यावर पुन्हा खालावते, या अनुभवातून त्यांनी १९९९ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था काढली. संस्थेच्या कार्यकर्त्या धारावीत अंगणवाडी सेविकांबरोबर घरोघरी जात, मुलांची मोजणी करीत आणि तीव्र कुपोषितांना उपचारात्मक आहारासाठी रुग्णालयाशी जोडून देत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार या भागात बारीक मुलांचे प्रमाण १८ वरून १३ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी निवडलेल्या वस्त्यांत ते १६.९ वरून १६ पर्यंतच उतरले. घट मोठी आहे, तरी दर आठ मुलांमागे एक बारीक राहिलेच.

गंभीर आजारी मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे ठेवावे लागते. आदिवासी भागात नवसंजीवनी योजनेखाली अशा वेळी पालकांना बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. उपनगरातल्या नाका कामगाराची किंवा घरकाम करणाऱ्या बाईची मजुरी तितकीच बुडते. घरी दुसरे मूल असले की आई चौथ्या-पाचव्या दिवशी बाळाला उचलून निघून येते, आणि पुढच्या महिन्यात सेविकेला तेच नाव पुन्हा तक्त्यात लाल रंगात लिहावे लागते.

सेविका व मदतनीस सरकारी कर्मचारी नाहीत. त्यांना पगार नाही, मानधन मिळते. मुलांच्या नोंदींसाठी मार्च २०२१ मध्ये आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपमधील इंग्रजी आणि निकृष्ट मोबाइल यांना कंटाळून राज्यभरच्या सेविकांनी त्याच वर्षी सरकारी फोन परत केले. मानधनवाढ, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटीसाठी त्यांनी ४ डिसेंबर २०२३ पासून पुकारलेला संप जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चालला. या काळात राज्यातील बहुसंख्य अंगणवाड्या बंद होत्या, आणि मुलांचा गरम ताजा आहारही थांबला होता.