स्वयंचलित नूतनीकरण आणि ग्राहकाची संमती : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
मोबाईलवरील एखादी सेवा पहिला महिना विनामूल्य मिळते. पुढे मात्र वर्गणीची रक्कम ग्राहकाच्या खात्यातून आपोआप वजा होत राहते. हे तंत्र नवे असले, तरी नूतनीकरणाच्या मार्गाने दुर्बल पक्षाची पिळवणूक होणे नवे नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा मराठवाड्याच्या संदर्भात घेतला आहे.

रोख्याचे नूतनीकरण :
१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यावरील दाव्यास ३ वर्षांची मर्यादा घातली. व्याज साचू नये, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात सावकार मुदत संपण्यापूर्वीच नवा रोखा लिहून घेत आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवीत. त्यामुळे दामदुपटीची मर्यादाही निष्प्रभ ठरली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झालेल्या उठावात शेतकऱ्यांचा रोष या कागदांवरच होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यामागील व्यवहार मुळापासून तपासण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकली. हा कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांना लागू झाला. सोलापूरलगतचा लातूर परिसर व नांदेड निजामाच्या राज्यात असल्याने या संरक्षणाबाहेर राहिले.

आधुनिक तरतुदी :
१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे जिल्हा पातळीवर दाद मागण्याची सोय झाली. २०१९ च्या कायद्याने 'अन्याय्य करार' ही संकल्पना आणली. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आवर्ती रक्कम वजा करण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना देणे बँकांना बंधनकारक झाले. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड करणाऱ्या सापळ्यास अनुचित व्यापारी प्रथांत गणले.

निष्कर्ष :
१८५९ च्या कायद्याने केवळ मुदत पाहिली, म्हणून तो फसला; १८७९ च्या कायद्याने व्यवहार पाहिला. आजची पूर्वसूचना आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. कारण न वाचलेल्या संदेशानंतरचे मौनही संमती ठरते. अनुचित प्रथेची तक्रार जिल्हा आयोगात करता येते. अन्याय्य कराराची तक्रार मात्र राज्य आयोगापुढेच न्यावी लागते. काहीशे रुपयांसाठी नांदेड वा लातूरचा ग्राहक तेथवर जाणे दुरापास्त आहे. हा अधिकार जिल्हा आयोगास मिळाला, तर एकेकाळी सीमेपलीकडे राहिलेल्या या प्रदेशाला संरक्षणाचा खरा लाभ होईल.