चौकोन, बाण आणि प्रश्न विचारण्याचा हक्क

पीएचडीला लागल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर एक्सेल शीट उघडली. एका ओळीत एक शोधनिबंध, पुढे लेखक, प्रथिन, पद्धत. दोनेकशे ओळी झाल्यावर मला विचारायचं होतं, 'एकाच प्रथिनावर काम करूनही एकमेकांचा संदर्भ न देणारे गट कोणते?' शीट गप्प! माहिती बरीच होती, पण कोणी कोणाचा संदर्भ दिला हे मी नोंदवलंच नव्हतं. तुमचंही असं होऊ नये म्हणून हा थोडा इतिहास.

१९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन यांनी आयडीएस ही डेटाबेस प्रणाली उभी केली. तिच्यात नोंदी एकमेकींना थेट दुव्यांनी जोडलेल्या असत. १९६९ मध्ये त्यांनी ही रचना कागदावर काढायची पद्धत मांडली: चौकोन म्हणजे नोंदींचा प्रकार, बाण म्हणजे नातं. १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात त्यांनी प्रोग्रामरला 'नॅव्हिगेटर' म्हटलं. गोम इथेच आहे. वाट फक्त प्रोग्रामरला ठाऊक. बाकीच्यांनी त्याच्याकडे प्रश्न घेऊन जायचं.

आयबीएमच्या एडगर कॉड यांना हेच पटत नव्हतं. डेटा आत कसा मांडलाय हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरजच पडू नये, असं त्यांनी १९७० च्या निबंधात मांडलं आणि तक्त्यांचं रिलेशनल मॉडेल दिलं. १९७४ मध्ये अॅन आर्बरला दोन्ही बाजूंचा जाहीर वाद झाला. पुढे तक्ते जिंकले. पण लांबचं नातं शोधायचं, तर तक्त्याला तक्ता जोडत बसावं लागतं.

याच जोडाजोडीला कंटाळलेल्या स्वीडनच्या एमिल आयफ्रेम यांनी २००० मध्ये, मुंबईला येणाऱ्या विमानात, एक आकृती काढली: नोड, नाती आणि दोन्हींना गुणधर्म. त्यातून निओफोरजे आलं. डिसेंबर २०१३ च्या २.० आवृत्तीत नोडांना लेबलं मिळाली आणि नवा वेब इंटरफेसही. क्वेरी लिहा, उत्तर गोल आणि रेषांच्या चित्रात समोर.

याचा फायदा २०१६ मध्ये पनामा पेपर्सच्या वेळी दिसला. सुमारे १.१५ कोटी कागदपत्रं! त्यातल्या कंपन्या, माणसं आणि पत्ते यांची नाती निओफोरजेत भरली गेली आणि पत्रकारांनी ती लिंक्युरियस या वेब इंटरफेसमधून पाहिली. कंपनीच्या गोलावर क्लिक केलं, की तिच्याशी जोडलेली माणसं उलगडायची. कोड न येणाऱ्या पत्रकारालाही आता स्वतःची वाट शोधता येत होती.

पण चित्र छान दिसतं म्हणून फसू नका. समजा, पत्ता हा वेगळा नोड न करता कंपनीचा नुसता गुणधर्म म्हणून ठेवला, तर एकाच पत्त्यावरच्या कंपन्या चित्रात एकमेकींना जोडलेल्या दिसणारच नाहीत. मॉडेल काढणारा आजही आधीच ठरवतो, की कोणतं नातं डोळ्यांना दिसेल.

म्हणून टूल उघडण्याआधी कागद घ्या. तुमचे तीन खरे प्रश्न लिहा. त्यातली नामं म्हणजे बहुधा नोड, क्रियापदं म्हणजे नाती. मग हाताने दहाच नोंदी भरा आणि तिन्ही प्रश्न विचारून बघा. उत्तर आलं नाही, तर मॉडेल बदला. दहा नोंदींवर ते एका संध्याकाळचं काम आहे. दोनशेंवर मला आख्खा महिना लागला.